लेक म्हणते बैजिक भूमिती करायची, तर सोलापुरातून वाट कशी जाते?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. कुठल्याशा कार्यक्रमात तिने गणिती श्रीराम अभ्यंकरांबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून "मला अल्जिब्रिक जॉमेट्रीतच (म्हणजे बैजिक भूमितीत) संशोधन करायचंय" म्हणून हटून बसलीय. तुमचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ माग आहेत. घरात बी.एड. किंवा बँकेच्या परीक्षा असं ठरत आलं होतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे करणाऱ्या माणसाचं आयुष्य नक्की कसं असतं, पोट भरतं का, आणि पोरगी तेवढी हुशार आहे हे बापाला कळायचं कसं.

मी याच विषयात चाळीस वर्षं घालवली. साखर पेठेत वाढले, बी.एस्सी. सोलापुरातच केलं. तेव्हा इथे विद्यापीठ नव्हतं, आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून एम.एस्सी.ला कोल्हापूर गाठलं. मग मुंबईत पीएच.डी., आणि पुढे परराज्यात एका विद्यापीठात शिकवलं. निवृत्त होऊन परत इथेच आले. हे सांगण्याचं कारण इतकंच की तुम्ही ज्या स्टँडवर उभे आहात तिथूनच माझी गाडी सुटली होती. पण ती १९७७ साली. काही थांबे आता बदललेत, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी एक कबुली. मुलीला मी पाहिलेलं नाही. ती कुठल्या कॉलेजात आहे, तिला शिकवणारं कोण आहे, घरात धाकटी भावंडं किती, कर्ज किती, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे "पाठवा" किंवा "पाठवू नका" असं मी म्हणणार नाही. मी कसा विचार करते ते सांगते, हिशेब तुमचा तुम्ही करा.

तुम्ही विचारलेल्या तिन्हींत खरा अवघड प्रश्न आलेलाच नाही. पोट भरतं. उपाशी राहिलेला गणिती माझ्या पाहण्यात नाही. हुशारीचं म्हणाल तर ती या धंद्यात लोक समजतात तितकी निर्णायक नसते. या वाटेची किंमत रुपयांत फारशी द्यावी लागत नाही, ती वर्षांत द्यावी लागते. आज ती एकोणीस वर्षांची असेल. सगळं सुरळीत झालं तर पक्की नोकरी बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षी. मधली तेरा-चौदा वर्षं दर दिवाळीला, दर लग्नात, दर गड्ड्याच्या जत्रेत कुणीतरी तुम्हाला विचारणार, "काय मग, पोरीचं झालं का नाही शिक्षण अजून?" ते उत्तर देत राहण्याची ताकद घरात आहे का, हे आधी बघा.

आता आयुष्य कसं असतं त्याकडे येते. पण काम काय असतं हे समजल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून थोडं गणित सहन करा. तुम्ही मागवाले आहात, तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल.

शाळेत आपण समीकरण मांडून आलेख काढतो. रेषा येते, वर्तुळ येतं. बैजिक भूमिती म्हणजे तेच, फक्त समीकरणं मोठी आणि चलं जास्त. समीकरणाकडे बघून आकाराबद्दल बोलायचं, आणि आकाराकडे बघून समीकरणाबद्दल. आता हे समीकरण घ्या: य चा वर्ग = क्ष चा वर्ग × (क्ष + १). मुलीला याचा आलेख काढायला सांगा. दोरीला एक फास टाकल्यासारखा येतो, आणि मध्यबिंदूवर रेघ स्वतःलाच कापून जाते. त्या एका बिंदूवर सगळी पंचाईत. तिथे वक्राची दिशा कुठली म्हणायची? दोन दिशा आहेत. अशा बिघडलेल्या जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात.

आता तुमच्या मागावरचं कापड आठवा. वरून बघितलं तर उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना कापल्यासारखे दिसतात. पण बाजूने डोळा लावला की दिसतं, एक वरून गेलाय, एक खालून. ते एकमेकांत मिसळलेले नाहीतच. गणिती नेमकं हेच करतो. तो म्हणतो, प्रत्येक बिंदूला एक उंची देऊ, आणि उंची म्हणून तिथला चढ घेऊ, म्हणजे य भागिले क्ष. त्याला त म्हणू. समीकरणात य च्या जागी त × क्ष घाला, दोन्हीकडचा क्ष चा वर्ग काढून टाका, उरतं: त चा वर्ग = क्ष + १. हा साधा, गुळगुळीत वक्र आहे. आणि बिघडलेल्या जागी, म्हणजे क्ष शून्य असताना, त ची किंमत एकदा १ आणि एकदा उणे १. एक धागा वर, एक खाली. गाठ होतीच कुठे, आपण फक्त वरून बघत होतो.

या युक्तीला ब्लो-अप म्हणतात, आणि अशा सगळ्या गाठी सोडवण्याच्या कार्यक्रमाला रेझोल्यूशन ऑफ सिंग्युलॅरिटीज. वक्रांसाठी तो जुना आहे. पृष्ठभाग आला, त्याहून वरच्या मिती आल्या की एक गाठ सोडवताना दुसरीकडे नवीन पडते. चादरीचा एक पदर ओढला की दुसरीकडे चुणी पडते तसं. झारिस्की नावाच्या गणित्याने पृष्ठभागांसाठी १९३९ मध्ये आणि त्रिमित आकारांसाठी १९४४ मध्ये हे करून दाखवलं. त्यांचे विद्यार्थी हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सगळ्या मितींसाठी केलं. तो निबंध दोनशेहून जास्त पानांचा आहे, आणि त्यावर त्यांना १९७० मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं.

पण हे सगळं आपल्या नेहमीच्या संख्यांच्या जगात. दुसरीही जगं आहेत. दिव्याचं बटण दोनदा दाबलं की दिवा पहिल्यासारखा होतो ना? तसं एक जग घ्या, जिथे १ + १ = ०. त्याला कॅरॅक्टरिस्टिक दोन म्हणतात. तसंच तीनचं, पाचचं, कुठल्याही मूळ संख्येचं. या जगांत नेहमीची हत्यारं चालत नाहीत. दोनच्या जगात दोनने भागता येत नाही, कारण तो शून्याने भागाकार झाला. आणि आठवी-नववीतली पोरं दर वर्षी जी चूक करतात, अ अधिक ब चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, ती तिथे चक्क खरी ठरते. मधलं दोन अब शून्य होऊन जातं.

अभ्यंकर या जगांत शिरले.

त्यांच्याबद्दल मुलीने काय ऐकलं असेल याचा मला अंदाज आहे, कारण आम्हीही तेच ऐकलं होतं. २२ जुलै १९३० ला उज्जैनला जन्म, मराठी घर, वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईहून १९५१ ला बी.एस्सी., तिथून थेट हार्वर्ड, झारिस्कींच्या हाताखाली १९५५ ला पीएच.डी. कॅरॅक्टरिस्टिक कुठलीही असो, पृष्ठभागांच्या गाठी सुटतात, हे त्यांनी वयाच्या पंचविशी-सव्विशीत सिद्ध केलं. १९६३ पासून अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात. १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले.

ही कथा ऐकून मुलं पेटतात आणि आईबाप घाबरतात. दोघांचंही लक्ष चुकीच्या जागी असतं: हार्वर्ड, पंचविशी, झारिस्की. यातलं काहीच तुमच्या हातात नाही, त्यामुळे ते सोडून द्या. मला त्या आयुष्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, तो माणूस एका प्रश्नाला पन्नास वर्षं धरून होता. पृष्ठभाग १९५६ ला छापून आले. त्रिमितीला आणखी दहा वर्षं लागली, १९६६, आणि तेही कॅरॅक्टरिस्टिक पाचहून मोठी असेल तरच. दोन, तीन आणि पाच राहून गेले. ते दोन फ्रेंच गणित्यांनी २००८-०९ च्या सुमाराला भरून काढले, म्हणजे चाळीस वर्षांनी. चार मिती आणि पुढे तर आजही सर्वमान्य सिद्धता नाही. जगातली इतकी डोकी, इतकी वर्षं. तुमच्या मुलीला ज्या बाजारात उतरायचंय तिथे मालाची डिलिव्हरी अशी होते.

दुसरी, त्यांची हत्यारं. १९६० नंतर या विषयात ग्रोथेंडीक या गणित्याची नवी भाषा आली, स्कीम्स वगैरे, अतिशय सुंदर आणि अतिशय अमूर्त. सगळं जग तिकडे वळलं. अभ्यंकर मात्र हट्टाने म्हणत राहिले की शाळेतलं बीजगणित पुरतं. ते संपूर्ण बरोबर होते असं मी म्हणणार नाही. नवी भाषा न शिकता आज कुणी या विषयात टिकणार नाही, आणि माझं स्वतःचं निम्मं काम त्या भाषेत आहे. पण ऐंशीच्या दशकात पुण्यात मी त्यांची व्याख्यानं मराठीत ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्याही घरचा असू शकतो.

त्यांचं शाळेचं बीजगणित म्हणजे काय, एक नमुना दाखवते. हा मुलीलाही दाखवा.

समजा तुमच्याकडे फक्त दोनच्या आणि तीनच्या नोटा आहेत, आणि सुटे परत घ्यायचे नाहीत. चार देता येतात, पाच देता येतात, पुढचं सगळं देता येतं. एक रुपया मात्र देता येत नाही. तसंच, त चा वर्ग आणि त चा घन हातात असतील तर त्यांच्या बेरजा, वजाबाक्या, गुणाकार करून त चे बाकी सगळे घात मिळतात, पण नुसता त मिळत नाही. आता दोन बहुपदी घ्या, एकाचा घात ४, दुसऱ्याचा ६, आणि खालची पदं तुम्हाला हवी ती जोडा. मग तरी नुसता त परत मिळवता येईल का? खालच्या पदांत काही करामत करून? अभ्यंकर आणि त्यांचे विद्यार्थी मोह यांनी १९७५ मध्ये दाखवलं की आपल्या नेहमीच्या जगात कधीच नाही. त परत मिळायचा असेल तर एका घाताने दुसऱ्या घाताला पूर्ण भाग जायलाच हवा. चारने सहाला जात नाही, विषय संपला. विधान नववीच्या पोराला कळेल असं, सिद्धता मात्र कष्टाची.

आता तेच दोनच्या जगात करून बघू. क्ष = त चा चौथा घात. य = त + त चा सहावा घात. य चा वर्ग करा. मधलं पद उडालं, उरलं त चा वर्ग + त चा बारावा घात. बारावा घात म्हणजे क्ष चा घन. म्हणून य च्या वर्गातून क्ष चा घन वजा केला की त चा वर्ग हातात आला. त्याचा घन करा, त चा सहावा घात आला. तो य मधून वजा करा. उरला नुसता त. घात चार आणि सहाच होते, आणि तरी त परत मिळाला! नेहमीच्या जगात जे अशक्य म्हणून सिद्ध झालंय ते इथे पाच ओळींत होतं.

हे वाचून तुमची मुलगी "अरे!" म्हणाली तर ते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं माझ्या फजितीतून सांगते.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एका विशिष्ट प्रकारच्या पृष्ठभागांच्या गाठींवर एक प्रमेय मांडलं. दीड वर्ष त्यावर काम केलं होतं, तीसेक पानं हाताने लिहिलेली. मार्गदर्शकांनी आठवडाभर ठेवून घेतली आणि परत देताना एकच विचारलं, "दोनला काय होतं?" मी वसतिगृहावर आले, पानं उलटली. अकराव्या पानावर वर्ग पूर्ण करताना मी बिनदिक्कत दोनने भागलं होतं. त्यानंतर जवळपास सहा महिने मी ते भोक बुजवायला बघत होते, आणि शेवटी दोनच्या जगात माझं प्रमेय खोटंच निघालं, उदाहरणासकट. दोन वर्षं गेली म्हणा. बाकी जगांत ते खरं होतं, ते प्रबंधाचं एक प्रकरण झालं. आणि ते खोटं पाडणारं उदाहरण हा माझा पहिला छापलेला निबंध ठरला, हे वेगळं. पण तेव्हा ते माहीत नव्हतं. त्या सहा महिन्यांत मी सोलापूरला आले की वडील विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचे, "नाही." ते म्हणायचे, "बरं, जेवून घे." कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि पुढचा प्रश्न नाही. त्यांनी कधी "कधी होणार?" असं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मी बहुतेक सोडलं असतं.

तर हुशारी कशी ओळखायची? मार्क बघू नका. परीक्षेतला प्रश्न तीन तासांत सुटणार हे ठरलेलं असतं. अडल्यावर पोरगी काय करते ते बघा. चिडून वही मिटते, उत्तर कुठे मिळतं ते शोधते, की दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पुन्हा तोच प्रश्न काढते? तिसरी सवय असेल तर पुढचं शिकवता येतं. नसेल तर सत्त्याण्णव टक्केही उपयोगाचे नाहीत. खुद्द झारिस्कींचं बघा. १९३५ मध्ये बैजिक पृष्ठभागांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, आणि लिहिता लिहिताच त्यांना उमगलं की ज्या इटालियन परंपरेत आपण शिकलो तिच्या सिद्धतांवर पूर्ण विसंबता येत नाही. मग छत्तिसाव्या वर्षी, नाव झालेलं असताना, ते पहिल्यापासून आधुनिक बीजगणित शिकायला बसले.

आता पैसे. एम.एस्सी.ची दोन वर्षं घरखर्चाची, पण चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला आणि एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती लागली तर तोही भार हलका होतो. पीएच.डी.ला लागल्यावर तुमच्याकडून एक पैसा जाऊ नये, हा नियमच समजा. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या जागी निवड झाली की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय राहण्याची सोय किंवा घरभाडं. हे पाच वर्षं. त्यानंतर पोस्ट-डॉक, म्हणजे दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका, बहुतेक वेळा परदेशात किंवा परराज्यात. हाच सगळ्यात वाईट टप्पा. पगार बरा, पण पुढच्या वर्षी कुठल्या गावात असू हे माहीत नाही. आणि मुलींच्या बाबतीत नेमकी हीच लग्नाची वर्षं. मला एका कॉलेजच्या मुलाखतीत गणितावरचा एकही प्रश्न आला नाही. "नवऱ्याची बदली झाली तर काय करणार?" एवढंच विचारलं. माझं लग्नही झालेलं नव्हतं! आता जग सुधारलंय म्हणतात. थोडं सुधारलंय.

कायमची नोकरी लागली की सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. अडचण पगाराची नाही, जागांची आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि नेट-सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर राबतात. इथेच मला इशारा द्यायचाय: पीएच.डी. करायची तर चांगल्या ठिकाणी करा. कुठून तरी पदवी पदरात पाडून घेतली तर रांग तीच राहते, वय तेवढं वाढतं.

वाईटात वाईट काय होऊ शकतं? अभ्यंकरांचे विद्यार्थी मोह, त्यांचे विद्यार्थी यितांग झांग. १९९१ मध्ये पर्ड्यूतून पीएच.डी., विषय बैजिक भूमितीतलाच एक जुना अवघड प्रश्न. बाहेर पडल्यावर विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. काही वर्षं सँडविचच्या दुकानात हिशेब बघितले. १९९९ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवण्याचं काम मिळालं, साधं लेक्चररचं. आणि २०१३ मध्ये, पन्नाशी कधीच उलटल्यावर, त्यांनी मूळ संख्यांबद्दल असं एक प्रमेय सिद्ध केलं की जग थक्क झालं: सात कोटींहून कमी अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ही गोष्ट लोक स्फूर्ती म्हणून सांगतात. मी बापांना इशारा म्हणून सांगते. शेवट वगळून वाचा. शेवट झाला नसता तरी मधली वीस वर्षं तीच होती, आणि असे न झालेले झांग पुष्कळ आहेत.

तरीही आज बाहेर पडायला दारं आहेत, जी माझ्या वेळी नव्हती. मोबाइलवरून पैसे पाठवताना जे कुलूप लागतं त्यात इलिप्टिक कर्व्ह वापरतात, १९८५ मध्ये सुचलेली कल्पना, आणि ते वक्र म्हणजे शुद्ध बैजिक भूमिती. संकेतशास्त्र, कोडिंग थिअरी, संगणकावर आकार घडवण्याचं गणित, सगळीकडे हा विषय पोचलाय. अभ्यंकरांनी स्वतः नंतरच्या काळात संगणकी भूमितीवर काम केलं. चांगल्या पाच वर्षांनंतर वाट सोडलेला माझा एक विद्यार्थी आज सांकेतिकीकरणाच्या कामात आहे आणि माझ्या कितीतरी पट कमावतो. फक्त, "बाहेर पडायला दार आहे" म्हणून आत जायचं नसतं.

इथवरचं एका दमात: पोट भरेल. वर्षं फार जातील. मार्कांवरून कळणार नाही, अडल्यावर काय करते त्यावरून कळेल. आणि आज काहीच ठरवायची गरज नाही, कारण दोन उन्हाळे तुमच्या हातात आहेत.

त्या दोन उन्हाळ्यांचं काय करायचं? एमटीटीएस नावाचा गणिताचा उन्हाळी वर्ग १९९३ पासून चालतो. देशभरातली मुलं निवडून महिनाभर एका ठिकाणी ठेवतात, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त "का?" विचारतात. मुलीने यंदा अर्ज करायलाच हवा. निवड झाली तर पहिल्या आठवड्यात ती रडून फोन करेल. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी केलाय. तिला परत बोलावू नका. महिन्याच्या शेवटी तिचा चेहरा बघा, तुमचं निम्मं ठरेल. त्याशिवाय पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा असते. ती जिंकायला नाही, तसले प्रश्न कसे असतात ते बघायला द्यायची. आणि सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून एकदा पुण्याला भास्कराचार्य प्रतिष्ठानात जाऊन या. तुम्हीही जा. गणितावर जगणारी माणसं प्रत्यक्ष बघितली की बापाची अर्धी भीती जाते.

अभ्यासाचं म्हणाल तर आत्ता बैजिक भूमितीला हात लावू नये. ऐकायला विचित्र वाटेल, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्कीम्सचे व्हिडिओ बघून तोंडात शब्द भरून घेतलेले मी फार पाहिलेत. शब्द येतात, उदाहरणं येत नाहीत. लिनियर अल्जिब्रा पक्का करा, ग्रुप आणि रिंग पक्के करा, प्रत्येक व्याख्येला पाच उदाहरणं आणि एक न बसणारं उदाहरण वहीत लिहा. एवढं झालं की वक्रांवरचं एखादं छोटं पुस्तक. फुल्टन यांचं वक्रांवरचं आहे, त्यांनीच ते मोफत खुलं केलंय, त्यातलं पहिलं प्रकरण सगळी उदाहरणं सोडवत वाचायचं. चार महिने लागले तर लागू देत.

बी.एड.बद्दल मी स्पष्ट आहे: आत्ता नको. बी.एड. पंचविसाव्या वर्षीही करता येतं, पण गणितापासून दोन वर्षं दूर राहून परत जॅमची (आयआयटींच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) किंवा टाटा संस्थेची परीक्षा देणं फार जड जातं. बँकेच्या परीक्षेचंही तेच. आधी एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा सगळ्या द्याव्यात: जॅम, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, टाटा. कुठेच नाही लागलं तर सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. करून दोन वर्षांनी पीएच.डी.साठी पुन्हा प्रयत्न करता येतो. हा मार्ग लांबचा आहे, बंद नाही. मात्र शक्य असेल तर एम.एस्सी.ला गाव सोडू द्या. इथले शिक्षक कमी आहेत म्हणून म्हणत नाही, मला ज्यांनी घडवलं ते इथलेच होते. पण या विषयात आपल्यापेक्षा हुशार पाच पोरांबरोबर एका मेसमध्ये जेवणं हाच निम्मा अभ्यासक्रम असतो, आणि ती पाच पोरं इथे सापडणं कठीण.

घरची ओढाताण खरंच असेल, कर्जाचे हप्ते थकत असतील, धाकट्याचं शिक्षण तिच्या पगारावर अवलंबून असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मला तसं लिहा. मग मी वेगळा रस्ता सांगेन. त्यातही गणित आहे, पण पगार लवकर सुरू होतो.

तोवर मुलीला एक काम द्या. दोनच्या जगातली ४ आणि ६ ची जोडी मी वर उलगडून दाखवलीय. तिला म्हणावं, आता तीनच्या जगात जा, जिथे १ + १ + १ = ०. तिथे घनाची बेरीज सरळ होते, अ अधिक ब चा घन म्हणजे अ घन अधिक ब घन. ९ आणि ६ घाताच्या अशा दोन बहुपदी शोध की त्यांतून नुसता त परत मिळेल. घाई नाही, आठवडाभर घेऊ दे. मला तिचं उत्तर नको, कच्ची वही हवी, खाडाखोडीसकट. वहीच्या पानांचे फोटो काढून इथे टाका. पुढचं त्यावर बोलू.